ब्रेडन कटलिप पडू नये म्हणून

रविवारी चर्चला उशीर नको म्हणून नेड्रा ब्लँकनशिपने आधी काळा ड्रेस घातला आणि त्यावर एप्रन बांधून बिस्किटांचं पीठ मळलं. ट्रे ओव्हनमध्ये सरकवून ती केस बसवायला गेली. परत आली तेव्हा तिचा मुलगा कोल्बी टेबलावर डोकं टेकून बसला होता. रात्रभर टीव्ही बघत बसतो मेला, आता डुलक्या काढतोय, असं पुटपुटत तिने त्याला खांद्याला धरून हलवलं. डोकं एका बाजूला कलंडलं. ओठ जांभळे पडले होते. साखरेच्या भांड्याशेजारी कागदाची एक उलगडलेली पुडी होती आणि तिच्यातून सांडलेली पांढरी भुकटी.

नेड्राची पाचावर धारण बसली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला मुलाच्या जिवाची जेवढी भीती वाटली, तेवढीच त्या चिमूटभर भुकटीची वाटली. आई असून अशी कशी, असं कुणाला वाटेल. वाटणाऱ्याने आमच्या बक लिकच्या खोऱ्यात एक वर्ष काढावं आणि मग बोलावं.

नशेने श्वास बंद पडला तर नाकात मारायचा स्प्रे फ्रिजवर ठेवलेला होता. आरोग्य खात्याच्या नर्सने चर्चच्या तळघरात सगळ्यांना एकेक वाटला होता आणि कसा वापरायचा तेही दाखवलं होतं. कोल्बी जामिनावर सुटून घरी आल्यापासून तो फ्रिजवरून हलला नव्हता. नेड्राने तो त्याच्या नाकपुडीत दाबला. थोड्या वेळाने कोल्बीने घुर्रकन एक श्वास घेतला. मग काही नाही. मग पुन्हा एक, अगदी उथळ. नर्सने सांगितलं होतं, लगेच फोन करा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तोंडाला तोंड लावून श्वास देत राहा. नेड्राने फोन हातात घेतला. पण नंबर काही लावला नाही. तिच्या डोळ्यांसमोर ब्रेडन कटलिप उभा राहिला.

हा ब्रेडन म्हणजे शेरिफचा डेप्युटी, आमच्याकडचा पोलीस, खोऱ्याच्या तोंडाशी राहणाऱ्या कटलिपांचा धाकटा. गेल्या हिवाळ्यात शायला नावाच्या पोरीने फोन केला होता, तिचा मित्र न्हाणीघरात पडलाय म्हणून. ब्रेडन आधी पोचला. बेसिनवरची पुडी त्याने हातमोज्याने उचलली आणि पाहता पाहता तो गुडघ्यांवर आला, छाती धरून आडवा झाला. अशा भुकटीला नुसता हात लागला तरी माणूस मरतो, हे त्याला प्रशिक्षणात शिकवलेलं, टीव्हीवर दाखवलेलं, आणि पाद्रीबाबांनीही सांगितलेलं. मागून ॲम्ब्युलन्स आली. आमच्या बाजूला ॲम्ब्युलन्स एक, तिच्यात स्ट्रेचर एक. त्यांनी त्या पोराला सोडून आधी ब्रेडनला घेतलं, कारण गणवेशातला माणूस पडला की आधी तोच. ब्रेडनच्या नाकात स्प्रेवर स्प्रे मारले, तसा तो वाटेत उठून बसला. म्हणजे विषच होतं, याबद्दल कुणाला शंका उरली नाही. शायलाचा मित्र न्हाणीघरातच गेला.

आणि शायला तुरुंगात गेली. राज्याने नवा कायदा केला होता. तुमच्याजवळच्या असल्या चोरट्या भुकटीने मदतीला आलेल्या पोलिसाला किंवा ॲम्ब्युलन्सवाल्याला अपाय झाला, तर तो गुन्हा, आणि साधासुधा नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, नाही कोण म्हणतंय? चर्चमध्ये सगळ्यांनी उभं राहून ब्रेडनसाठी प्रार्थना केली. घरोघरच्या बायकांनी त्याच्याकडे जेवण पोचवलं, नेड्राने स्वतः चिकन-नूडल्सचं मोठं भांडं नेलं. शायलाची आई ग्लेना शाळेच्या स्वयंपाकघरात नेड्राच्या शेजारी उभी राहून भांडी घासायची. तिच्याकडे मात्र कुणी काही नेलं नाही. नेड्रानेही नाही.

आता हे सगळं नेड्राला आठवलं. ब्रेडन आज कामावर असणार. तो या स्वयंपाकघरात आला आणि पडला, तर? आधी त्याला उचलतील. एकच स्ट्रेचर. कोल्बी इथेच राहील, फरशीवर. आणि जगला-वाचला तरी जामिनावरचा पोर, त्यात हा गुन्हा. तिने ठरवलं, आधी टेबल पुसायचं, मग फोन करायचा. आज सांगताना कुणालाही कळतं की ही चूक होती. त्या घटकेला मात्र तिला तीच एक शहाणपणाची गोष्ट वाटली.

रबरी हातमोजे सापडेनात. तिने ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या हातांवर चढवून मनगटाशी केसांच्या रबराने बांधल्या, तोंडाला फडकं गुंडाळलं. कोल्बीला खुर्चीवरून खाली ओढलं, बगलेत हात घालून पुढच्या खोलीत नेलं आणि गालिच्यावर कुशीवर निजवलं, म्हणजे कुणाला स्वयंपाकघरात यायची गरजच पडू नये. त्याच्या नाकाखाली पांढरं लागलं होतं. श्वास द्यायला ती वाकली आणि तिथेच थबकली. जन्म दिलेल्या पोराच्या तोंडाला तोंड लावायची तिला भीती वाटली. ती तशीच उठली आणि ओलं फडकं घेऊन टेबलाकडे पळाली.

श्वास रोखून तिने टेबल पुसलं. पुडी फडक्याने उचलून संडासात टाकली, पाणी सोडलं. पुन्हा पुसलं. फडकं पिळताना उजव्या हाताची पिशवी फाटली आणि ते पांढरं पाणी तळहातावरून मनगटापर्यंत ओघळलं.

नेड्राने हाताकडे पाहिलं. ती सिंकला टेकून खाली बसली आणि वाट पाहू लागली. आता छाती आवळेल, आता डोळ्यांपुढे अंधारी येईल. तिने देवाचं नाव घेतलं, देवाघरी गेलेल्या नवऱ्याचं घेतलं. ओव्हनमध्ये बिस्किटं करपल्याचा वास येऊ लागला. वास चांगला नाकात शिरत होता, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता, गुडघा नेहमीसारखा ठणकत होता. हात ओला होता, बाकी काही नाही.

मग तिला उमगलं, आणि मरणाच्या भीतीहून ते उमगणं वाईट होतं. काहीच होणार नव्हतं. इतका वेळ मुलाला गालिच्यावर टाकून ती ज्याला घाबरत होती, ते हाताला लागून नुसतं ओघळून गेलं होतं. तिने नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, फोन लावला आणि तो जमिनीवर ठेवूनच कोल्बीच्या तोंडावर वाकली.

फोनवरच्या बाईने पत्ता घेतला. विचारलं, घरात अमली काही आहे का. "नाही," नेड्रा दोन श्वासांच्या मधे म्हणाली. "घर स्वच्छ आहे." बाईने सांगितलं की ॲम्ब्युलन्स निघाली आहे, सोबत डेप्युटी येतोय, त्याने ठीक आहे म्हटल्यावर ते आत येतील. नेड्रा फुंकत राहिली. कोल्बीची छाती तिच्या श्वासाने वर यायची आणि खाली बसायची. तो लहान असताना डांग्या खोकल्यात तिने रात्र रात्र असेच त्याचे श्वास मोजले होते. पण तेव्हा छाती त्याच्या स्वतःच्या जोराने तरी हलायची.

गाड्या एकामागोमाग आल्या. पुढची ब्रेडनची. तो ओसरीची पायरी चढून दाराशी थांबला. गोरापान, अंगाने रेड्यासारखा दांडगा, आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्याने हातांवर एकावर एक दोन-दोन हातमोजे चढवले होते.

"मिस नेड्रा, आत काही सांडलंय का?"

"काही नाही रे. ये ना आत. श्वास घेत नाहीये तो."

"तुम्ही आधी बाहेर या."

तो उंबऱ्यात अडून उभा राहिला. त्याच्या मागे ॲम्ब्युलन्सची टॅमी हातात बॅग घेऊन पायांवर पाय बदलत होती. टॅमीने इतकी वर्षं या खोऱ्यातली माणसं उचलली होती की घरांची नावं तिला कुत्र्यांसकट पाठ होती. ब्रेडन हो म्हणतो का नाही, याची तिने क्षणभर वाट पाहिली आणि मग त्याच्या काखेखालून आत घुसली. तिचा जोडीदार स्ट्रेचर घेऊन मागोमाग. त्यांना वाट मिळावी म्हणून ब्रेडनने नेड्राचा दंड धरला आणि तिला ओसरीवर ओढून घेतलं.

मग त्याची नजर आपल्या हाताकडे गेली. काळ्या हातमोज्यावर पांढरं लागलं होतं. नेड्राच्या काळ्या बाहीवर, कोपराच्या वर, पांढरा पट्टा होता.

"हे काय आहे?" त्याचा आवाज बारीक झाला. "मिस नेड्रा, हे काय आहे?"

नेड्राने बाहीकडे पाहिलं. पीठ. सकाळी मळताना तिने पिठाच्या हाताने बाही वर सारली होती, तो कोरडा पट्टा अजून तिथे होता. पीठ आहे रे, बिस्किटांचं पीठ, असं ती म्हणाली. ब्रेडनला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो हातमोजा ओरबाडून काढत होता, आणि आतला दुसराही त्याच्यासोबत निघाला. उघड्या बोटांकडे बघत तो मागे सरकला, ओसरीच्या कठड्यावर आदळला.

"बोटांना मुंग्या येतायत," तो म्हणाला. "लागलं मला. लागलं." त्याचा श्वास भराभर चालू झाला, दमलेल्या कुत्र्यासारखा. हात खांद्यावरच्या रेडिओकडे निघाला.

आत टॅमी कोल्बीच्या छातीवर वाकली होती. ती काहीतरी मोजत होती, जोडीदार मास्कची पिशवी दाबून हवा देत होता. नेड्राला दारातून मुलाचे तळपाय दिसत होते. तिला कळून चुकलं की ब्रेडनने त्या रेडिओत दोन शब्द उच्चारले, किंवा नुसता धाडकन पडला, की ते तळपाय तिथेच राहतील. टॅमीला उठावंच लागेल. नियमच तसा. पण हा पोर तिला शाळेपासून माहीत होता. पहिलीत असताना ढग गडगडले की तो जेवणाच्या रांगेत असाच धापा टाकायला लागायचा, आणि ती त्याला दुधाच्या कपाटामागे बसवायची.

ती त्याच्यासमोर गेली. त्याला शिवली मात्र नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"ब्रेडन. माझ्याकडे बघ. रेडिओ सोड."

"मरतोय मी."

"मरणारा माणूस इतकं बोलत नाही. खाली बस. बस म्हणते ना. तुझ्यापुढे वाडगाभर बीन्स आहेत. आत्ता चुलीवरनं काढलेत. काय करायचं?"

तो तिच्याकडे वेड्यासारखा बघत राहिला.

"फुंकर घालायची," नेड्रा म्हणाली. "हळू. सांडतील. लांब फुंकर. हां. आता नाकाने वास घे, थोडासाच. परत फुंकर. अजून गरम आहेत."

दांडगा डेप्युटी पायरीवर बसून ओठांचा चंबू करून हवेत फुंकर घालू लागला. कुणी पाहिलं असतं तर हसून लोटपोट झालं असतं. नेड्रा त्याच्याबरोबर फुंकत होती आणि तिचे कान आत लागले होते. त्याचा हात रेडिओवरून मांडीवर आला. पुन्हा वर गेला. तिने बीन्समध्ये कांदा टाकला, मक्याचा ब्रेड कुस्करला, जे सुचेल ते बोलत राहिली, कारण थांबलं तर हा पडेल अशी तिची खात्री होती. फुंकरी हळूहळू लांबत गेल्या. त्याच्या गालांवर रंग आला. त्याने बोटं मिटली, उघडली.

आतून कोल्बीच्या खोकण्याचा आवाज आला. ओला, घाणेरडा, जिवंत खोकला.

स्ट्रेचर बाहेर आलं. कोल्बीचे डोळे अर्धे उघडे होते, आणि तो कुणाला तरी शिव्या देत होता. टॅमी म्हणाली की स्वतःचा श्वास घेतोय, पण वाटेत परत बेशुद्ध होऊ शकतो, वेळ घालवायचा नाही. मग पायरीवर बसलेल्या ब्रेडनकडे पाहून तिने भुवया उंचावल्या.

"तुला काय झालं?"

ब्रेडनने नेड्राकडे पाहिलं. "काही नाही," तो म्हणाला.

ॲम्ब्युलन्स गेली. गाडी चालवायची नेड्राची स्थिती नव्हती. चला, मी नेतो, असं ब्रेडन म्हणाला आणि त्याने तिला पुढच्या सीटवर बसवलं. रस्ता ओढ्याच्या कडेकडेने उतरत होता. पूल ओलांडल्यावर त्याने विचारलं, ते खरंच पीठ होतं का.

"पीठच होतं."

"त्या दिवशी असंच झालं होतं," ब्रेडन म्हणाला. "शायलाच्या घरी. आधी बोटांना मुंग्या, मग छाती. अगदी असंच." त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळले गेले. "त्यांनी मला स्प्रे मारला आणि मला बरं वाटलं. मला वाटलं, स्प्रेनेच. मी खोटं नव्हतो बोललो, मिस नेड्रा. कोर्टात मी बायबलवर हात ठेवला होता."

नेड्राला त्याची दया आली आणि तितकाच रागही. शायला अजून आतच आहे, एवढंच ती म्हणाली. मला माहितेय, असं तो म्हणाला. मग त्याने गाडी हळू केली, आणि आतापर्यंत घाबरलेल्या पोराचा होता तो आवाज एकदम डेप्युटीचा झाला.

"तुमच्या घरी मला काही सापडलं नाही. टेबल स्वच्छ होतं. कोल्बीचा जामीन आहे तसा राहील. पण आज ओसरीवर काय झालं हे जर कुणी बोललं, तर ते मला विचारतील, मग तुम्हाला विचारतील. कोल्बीने काय घेतलं, उरलेलं कुठे गेलं, कुणी पुसलं. टेबल कापून नेतील, पाइप उचकटतील. कळतंय ना?"

तो धमकी देत नव्हता. तोही घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाचा हिशोब बरोबर होता. नोकरी जाईल, तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि न्हाणीघरातला तो पोर उरलेल्या आयुष्यात रोज त्याच्या समोर येईल. नेड्राने कोल्बीच्या तळपायांचा विचार केला.

"मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली.

इस्पितळाच्या दारात ग्लेना उभी होती. आमच्या खोऱ्यात घरोघरी पोलिसांचा रेडिओ ऐकवणारे स्कॅनर चालू असतात, दुपारच्या मालिका कुणी लावत नाही. ग्लेना तर शायला गेल्यापासून तो झोपतानाही बंद करत नसे. तिने पत्ता ऐकला आणि चपला घालून निघाली. तिच्या हातात थर्मास होता आणि एक स्वेटर, कारण इस्पितळात एसी फार लावतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडी थांबायच्या आत ती दाराशी आली.

कोल्बी वर आहे, बोलतोय, मी आत्ता विचारून आले, असं तिने घाईघाईने सांगितलं. नेड्रा उतरली. ग्लेनाने तिला कवेत घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली, शाळेच्या त्या स्वयंपाकघरात इतके महिने कुणी तिच्या स्वतःच्या पाठीवर फिरवला नव्हता तसा. ब्रेडन गाडी लावायला पलीकडे वळला.

ग्लेनाने त्याच्याकडे पाहिलं आणि ती हलक्या आवाजात, कुणी ऐकू नये अशी, म्हणाली, "तो पडला-बिडला नाही ना गं तुझ्याकडे? मी वाटभर तेवढीच प्रार्थना करत आले. तुझ्या पोरावर तरी तसलं येऊ नये."

नेड्राला हुंदका आवरला नाही. गाडीत दिलेला शब्द तिला आठवत होता. कोल्बी वर बोलत होता, शिव्या देत होता, जिवंत होता, आणि जिवंत आहे म्हणूनच त्याला पुन्हा आत टाकता येणार होतं. पलीकडे ब्रेडनच्या गाडीचं दार वाजलं.

"नाही पडला," ती म्हणाली. "पडणार होता. मी पडू दिलं नाही."

ग्लेनाचा हात पाठीवर थांबला. "म्हणजे?"

"माझ्या बाहीला पीठ लागलं होतं, ग्लेना. नुसतं पीठ." ब्रेडन गाड्यांच्या मधून त्यांच्या दिशेने चालत येत होता. त्याला तिथून काही ऐकू जात नव्हतं, पण त्याची चाल मंदावली होती. नेड्राने ग्लेनाच्या हातातल्या स्वेटरची कड घट्ट धरली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, टेबल पुसल्यापासून. सकाळी वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटत होती.